खिडकी क्रमांक तीन

माझ्या कपाटाला दोन खण आहेत.
वरच्यात काम नसलेली माणसं,
खालच्यात माणसं नसलेली कामं.
मध्ये बोटभर जाडीची फळी.
सव्वीस वर्षं मी, फाडिला, त्या फळीची राखण करते आहे,
झेनित्साच्या रोजगार कचेरीत.

नवख्यांना वाटतं, एवढं काय अवघड?
वर हात घाला, खाली हात घाला, जोड मारा.
मीही आले तेव्हा असंच म्हणायचे.

हायरुद्दीन, वय सत्तावन्न.
पोलाद कारखान्याच्या पाइपांना त्याने दिलेले जोड
अजून गळत नाहीत. कारखाना गळाला.
खालच्या खणात : वेल्डर पाहिजेत, अकरा, तातडीने.
पण दाखला हवा, नव्या पद्धतीचा.
तो देणारी शाळा बंद पडली,
कारण शिकवणारा मास्तर लिंत्सला गेला
वेल्डर म्हणून.
हे सांगितलं तेव्हा हायरुद्दीन इतका हसला
की मागची रांगही हसायला लागली,
आणि मग एकदम कुणीच हसेना.

झुमरेता बेकरीवाली दर महिन्याला तीच चिठ्ठी आणते :
भट्टीवर माणूस पाहिजे, पहाटे तीनला.
पगाराचं विचारलं की पिठाचे हात झटकत म्हणते,
"पाव कितीला विकते, ठाऊक आहे ना तुला?"
ठाऊक आहे. महाग झाला म्हणून कुरकुरणारी मीच.
तिचा मुलगा माझ्या वरच्या खणात आहे.
म्हणजे, होता. मार्चमध्ये ग्रात्सला गेला.
तिथे काय करतो?
पाव भाजतो.
पहाटे तीनला उठून.

काही जण कामासाठी येतच नाहीत.
शिक्का लागतो, शिक्का असला की दवाखाना फुकट.
सेनादची बोटं रंगाने माखलेली,
कुणाची तरी भिंत अर्धी टाकून आलेला.
"काम?"
"नाही."
त्याला कागदावर घ्यायचं तर हातात पडतं त्याच्यावर
आणखी बरंच भरावं लागतं,
मालक म्हणतो, मग मीच उभा राहतो की रांगेत.
सेनादच्या मुलीला दमा आहे.
मी बोटांकडे बघत नाही. शिक्का मारते.

पालिकेतली जागा निघाली की
तीही येते या कपाटात,
आधीच ठरलेल्या मुलीसारखी,
दाखवण्याचा कार्यक्रम फक्त रीत म्हणून.

सारायेव्होहून साहेब येतात, आलेख लावतात :
बेकारी घटली.
घटली हो.
दर शुक्रवारी साडेसहाला स्टँडवरून घटते,
दोन बॅगा आणि आईने बांधून दिलेला डबा घेऊन.

गेल्या महिन्यात कपाटावरचा पाइप फुटला.
पाणी वरच्या खणातून खालच्यात,
फळी फुगली, कागदाला कागद चिकटले,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
नळाचं काम करणारा मिळेना.
मिळेना कसा? ओल्या कागदांत सात नावं होती.
एक म्युनिकला. एक वारला.
एकाचे गुडघे गेलेले.
एकाने विचारलं, देणार किती?
मी कचेरीचा दर सांगितला,
त्याने नुसतंच "बरं" म्हणून फोन ठेवला.

शेवटी हायरुद्दीन आला,
स्वतःचं यंत्र हातगाडीवर ढकलत.
चाळीस मिनिटं. निळा उजेड,
आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली.
बिल करता येईना : दाखला नाही.
पैसे दाखवले तर नाव कटणार, नाव कटलं तर औषधं.
मी पर्स उघडली.
त्याने अर्धे परत केले, म्हणाला, कॉफी पाज कधीतरी.

आज एक तारीख.
रांगेत अकरावा : हायरुद्दीन.
"काम?"
"नाही."
त्याची नजर क्षणभर छताकडे जाते,
जोड कोरडा आहे ना, बघायला.
मी वर बघत नाही.
शिक्का मारते.